"आज राजवाडा बंद आहे" म्हणणाऱ्यापासून सांभाळून

मंडळी, सांगायला लाज वाटते पण सांगतो, कारण कोल्हापुरातनं हल्ली थायलंडला जाणारे लय वाढलेत आणि त्यात आमच्यासारखी रिटायर माणसंच जास्त. सहकारी बँकेत ३१ वर्षं कॅशियर होतो, खोटी नोट नुसती बोटाला कळायची. तोच मी बँकॉकमधे ४५ हजाराला बुडालो.

तिथल्या ग्रँड पॅलेस राजवाड्याचं तिकीट परदेशी माणसाला ५०० बाथ, थाई लोकांना फुकट. आम्हा नवराबायकोचे हजार बाथ म्हणजे अडीच हजार रुपये, म्हणून आधीच माझं डोकं फिरलेलं. गेटच्या थोडं अलीकडं कडक इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र घातलेला एकजण हात जोडून पुढं आला, म्हणाला आज सकाळी फक्त थाई लोकांची पूजा आहे, तुम्हाला एक वाजता सोडतील, तोवर देवळं बघून या. (राजवाडा सकाळी साडेआठलाच उघडतो, पन्नास पावलं पुढं गेलो असतो तर आत जाणारी गर्दी दिसली असती.) त्यानंच टुकटुक थांबवली, तीन देवळं २० बाथमधे. २० बाथ म्हणजे ५० रुपये हो! तेवढ्यात आपला रिक्षावाला स्टँडवरनं महाद्वारपर्यंत तरी येईल का? इथंच शंका यायला पाहिजे होती, पण स्वस्त मिळालं की माणूस कुठं विचार करतो.

पहिल्या देवळात एक शांत माणूस बसलेला, म्हणे शिक्षक आहे. कुठले, काय, गप्पा झाल्या आणि जाता जाता सहज म्हणाला, आज खड्यांच्या सरकारी सेलचा शेवटचा दिवस, मीपण मुलीला घेतला. बाहेर आलो तर टुकटुकवालाही तेच बोलला. दोन सह्या जुळल्या की चेक पास, ही बँकेतली सवय नडली बघा. आणि 'सरकारी' शब्द ऐकला की आपण निम्मे गार.

दुकानात एसी, कोल्ड्रिंक, गोड बोलणं. चंथाबुरी हे गाव खड्यांसाठी खरंच प्रसिद्ध आहे, मी कुठंतरी वाचलेलं, त्यामुळं बाकीचं खोटंपण खरं वाटलं. मुलीच्या लग्नाचं अडलेलं, गुरुजींनी पुष्कराज सांगितलेला, आमची ही म्हणाली घेऊन टाका, देवानंच आणलंय. १८ हजार बाथ. सर्टिफिकेट दिलं, वर म्हणे इंडियात तिप्पट भाव येईल. कार्डाच्या मशीनवर रुपये का बाथ विचारत होतं, दुकानदारानंच पटकन रुपये दाबलं, म्हणजे रेटमधे पण वेगळं कापलं ते स्टेटमेंट आल्यावर कळलं.

घरी आलो आणि गुजरीत ओळखीच्या सराफाकडं गेलो. त्यानं भिंग लावलं, खडा चिमट्यात धरून उजेडाकडं केला, परत फिरवला, आणि बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "काका, खडा आहे, पण हलका आहे, तापवून रंग आणलाय. सहा-सात हजाराच्या वर कोण देणार नाही." चहा मागवला त्यानं, पण मला गेला नाही.

आता तिकिटाचं म्हणाल तर ती फसवणूक नव्हे, मी उगाच तापलो. आपल्या ताजमहालला आपल्याला ५० रुपये आणि गोऱ्याला ११०० आहेतच की. पट्टायात एक इंग्रज म्हातारा भेटलेला, रिटायरमेंट व्हिसासाठी तिथल्या बँकेत ८ लाख बाथ ठेवून राहतो, तरी खाओ याईच्या जंगलात त्याला ४०० आणि थाई माणसाला ४० बाथ. थाई रेट पाटीवर थाई आकड्यात असतो, वाचताच येत नाही म्हणे. तिथलं गाडीचं लायसन्स दाखवलं तर कधी थाई रेटनं सोडतात कधी नाही, गेटवरच्या माणसाच्या मनावर. आणि महाद्वार रोडला चपलेचा भाव गोऱ्याला बघून वाढलेला मी स्वतः बघितलाय, हसलोयपण.

पण पाटीवरचा भाव दिसतो तरी. बंद आहे का चालू ते तिकीट खिडकीवरच विचारा, वाटेतल्या माणसाला नको. कार्ड कायम बाथमधेच. टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५, तिथं असतानाच लावा, मी लावला नाही कारण फसलोय हेच मला गुजरीत कळलं.

खडा कपाटात आहे, सर्टिफिकेटसकट. परवा भाजीवालीशी मेथीच्या पेंडीवरनं पाच रुपयांसाठी घासाघीस करत होतो तर ही मागनं म्हणाली, "द्या ओ तिला, पुष्कराज घेताना एवढं बोलला नव्हता."