बाबांच्या सफारीचं कापड आणि माझ्या तीन पँटी

शाळेच्या गॅदरिंगला बाबा चॉकलेटी सफारी घालून यायचे आणि मी मैत्रिणींच्या मागे लपायचे. कापड अर्थातच ग्वालियर सूटिंगचं. आजोबा आमच्या ग्वालियरमधल्या बिर्लांच्या जेसी मिल या कापडगिरणीत होते, त्यामुळे बिर्लांचं कापड म्हणजे घरचंच, असा आमच्याकडे हिशेब. मला मात्र सफारी दिसली की तहसील कचेरीच आठवायची.

गेल्या दिवाळीच्या आवराआवरीत ती सफारी ट्रंकेतून निघाली. तीस वर्षांची असेल. झटकली, तर पँटची इस्त्रीची घडी जागच्या जागी! त्याच आठवड्यात माझी ऑनलाइन घेतलेली तिसरी पँट गुडघ्यात फुगून निकामी झाली होती. लायक्राचं कापड एकदा ढिलं पडलं की पडलं. आणि बायकांच्या पँटीचे खिसे! वर्गात खडू ठेवायलासुद्धा जागा नाही.

म्हणून ग्वालियरच्या दौलतगंजातल्या एका जुन्या कापडाच्या दुकानात गेले. पाटीवरची अक्षरं केव्हाच उडालीत. आत शिरलं की डांबराच्या गोळ्यांचा वास आणि छतापर्यंत तागे. विमल, दिनेश, डिगजॅम, ओसीएम, आमच्या लहानपणी लग्नाच्या आहेरात यायची ती सगळी नावं. ‘दिनेश’ म्हटलं की बाबा अजून गावसकरच्या जाहिरातीवर येतात. आईला ग्वालियरच्या जाहिरातीतले पतौडी आणि शर्मिला टागोर आठवतात. आपल्या गावच्या नावाचं कापड नवाबसाहेब घालतात, याचं तिला फार अप्रूप होतं.

‘पँटपीस किसके लिए?’ गल्ल्यावरच्या चाचांनी विचारलं. माझ्यासाठी म्हटल्यावर त्यांनी चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि काही न बोलता करडा तागा काउंटरवर आपटला. हे मला आवडलं. मॉलमध्ये आधी ‘मॅडम, लेडीज सेक्शन वरती’ ऐकावं लागतं.

कापड कसं पारखायचं ते इथेच शिकले. मुठीत घट्ट चुरगळायचं, दहा मोजायचे, सोडायचं. सुरकुती राहिली तर पुढचा तागा. मी ‘वूल है क्या?’ विचारलं, तर चाचांनी कडेचा धागा ओढून काडी लावली. लोकर जळताना केस जळल्यासारखा वास येतो, सुती किंवा व्हिस्कोजचा धागा कागदासारखा जळून राख होतो आणि पॉलिएस्टर वितळून कडक मणी बनतो. माझ्या धाग्याचा मणीही झाला आणि राखही पडली. ‘टेरी-विस्कोस है, वूल के दाम मत देना,’ असं दुकानदारानेच सांगितलेलं मी पहिल्यांदा ऐकलं. घडी धरून ठेवतं ते पॉलिएस्टर. कापड अंगावर सुळसुळीत पडतं आणि थोडा घाम पितं, ते व्हिस्कोजमुळे. व्हिस्कोजचे तंतू ग्वालियर सूटिंगवाली ग्वालियर रेयॉन कंपनी 1954 पासून मध्य प्रदेशातल्या नागद्याला काढत आली. कंपनी 1947 साली आमच्या गावात निघाली, 1986 मध्ये ग्रासिम झाली. आता ती भिंतींचे रंग विकते आणि तिची हरियाणातल्या भिवानीची कापडगिरणी 2017 साली डोनिअर या कापड कंपनीकडे गेली. त्यामुळे काठावर ग्वालियर छापलेला तागा दिसला की मी आधी घडीची रेघ बघते. वर्षानुवर्षं पडून राहिलेलं कापड तिथे विटतं, आणि ती रेघ शिवल्यावर नेमकी मांडीवर येते.

हे मी ठेच लागून शिकले. दुसऱ्या खेपेला घेतलेल्या शर्टपीसवर घरी उजेडात पिवळट पट्टा दिसला. दुकानात एकच ट्यूबलाइट, आणि कापलेला माल परत घेत नाहीत. निळी म्हणून आणलेली पँटसुद्धा उन्हात बॉटलग्रीन निघाली. तागा उचलून बाहेर रस्त्यावर नेऊन बघा. चाचा कुरकुरतात, पण नेऊ देतात. शर्टाच्या वाटेला तर जाऊच नका, आमच्या मे महिन्यात टेरीकॉटचा शर्ट म्हणजे शिक्षा. पँटही मी एप्रिल ते जून बाजूलाच ठेवते.

खर्च सांगते. 58 इंच पन्ह्याचं सव्वा मीटर मला 360 रुपयांना पडलं, शिलाई 450, चेन आणि खिशाचं अस्तर धरून 50. म्हणजे 860 रुपयांत माझ्या मापाची पँट, आणि खिशात मोबाइल पूर्ण मावतो. शिंप्याशी मात्र भांडावं लागलं. ‘लेडीज पँट में इतनी गहरी जेब? लुक बिगड़ जाएगा.’ मी बाबांची पँट नमुना म्हणून त्याच्यासमोर ठेवली. खिसा तसाच, बैठकीचा भाग तसाच, फक्त पायाचा खालचा घेर अरुंद आणि पुढच्या प्लेट्स काढून. त्याने एक प्लेट सवयीने ठेवलीच, ती उसवून घेतली. कापड शिवायला देण्याआधी रात्रभर पाण्यात भिजवा. मी पहिलं तसंच दिलं, आणि ती पँट आता घोट्याच्या वर आलीय. स्टाफरूममध्ये लोकांना ती फॅशन वाटते.

ग्वालियरच्या वार्षिक मेळ्यातही पँटपीस बघितले. तिथे आजकाल गाड्यांवरच्या टॅक्सच्या सवलतीचीच चर्चा, आणि कापड जे मिळालं ते मुठीच्या परीक्षेत नापास.

तिसरी पँट, गडद करडी, घालून परवा माहेरी गेले. बाबांनी चिमटीत कापड धरलं, उलटं करून टीप पाहिली आणि विचारलं, ‘किती उरलंय ताग्यात?’ साडेतीन मीटर आहे. त्यांना पुन्हा सफारी शिवायचीय. रविवारी दुकान बंद असतं, म्हणून सोमवारी अकरानंतर त्यांना घेऊन जातेय.