ब्विंडीच्या फाटकावर आमची नावं यादीत नव्हती

११ फेब्रुवारी २०२५, सकाळचे पावणेआठ. युगांडातल्या ब्विंडी राष्ट्रीय उद्यानाचं बुहोमा फाटक. पँट मोज्यांत खोचलेली, हातात काठी, खिशात मास्क आणि प्लास्टिकच्या पिशवीत जपून आणलेली, गोरिला बघायची दोन परमिटं. काउंटरवरच्या मुलीने आमचे पासपोर्ट घेतले, यादीवरून बोट फिरवलं, पुन्हा वरपासून फिरवलं आणि आतल्या साहेबांना हाक मारली. साहेबांनी कागद उजेडाकडे धरले आणि अगदी शांतपणे विचारलं, हे तुम्हाला कोणी दिलं? माझ्या पोटात तेव्हाच खड्डा पडला. त्या नंबरांची परमिटं दुसऱ्याच कोणाच्या नावावर, दुसऱ्याच तारखेला वापरून झाली होती.

पाच लाख नव्वद हजार रुपये भरून आम्ही नवराबायको त्या फाटकावर उभे होतो आणि आमच्या नावाचं तिथे काहीही नव्हतं.

हे लिहायला चार महिने लागले. लाज वाटत होती, अजूनही वाटते. पण गप्प बसले तर ती परमिटं विकणारा एजंट पुढच्या घरात शिरेल.

मी साताऱ्यात एकतीस वर्षं जीवशास्त्र शिकवलं. पर्वतीय गोरिला जगातल्या कुठल्याच प्राणिसंग्रहालयात नाही, हे मी दरवर्षी मुलांना सांगायचे. संग्रहालयांत दिसतात ते सखल प्रदेशातले, वेगळे. पर्वतीय गोरिला जेमतेम हजाराच्या वर उरलेत आणि तेही दोनच ठिकाणी: ब्विंडीच्या जंगलात आणि युगांडा, रवांडा, काँगो यांच्या सीमेवरच्या विरुंगा डोंगररांगेत. बघायचा तर तिथेच जावं लागतं. पेन्शन सुरू झाल्यावर ठरवलं, गुडघे चालताहेत तोवर जाऊन यायचं. यात हौसेपेक्षा जास्त काहीतरी होतं, ते कोणाला पटवून द्यायची मला गरज वाटत नाही.

एजंट पुण्याचा. नाव लिहीत नाही, वकिलांनी सध्या नको म्हटलंय. आमच्या शाळेतल्या निवृत्त सहकारी बाई त्याच्याबरोबर केरळला जाऊन आल्या होत्या, खूश होत्या. आम्ही त्याचं ऑफिस पाहिलं, बोर्ड पाहिला, जीएसटी नंबर पाहिला. विमानाची तिकिटं खरी होती, पीएनआर मी स्वतः तपासला होता. “एवढ्या शिकलेल्या बाई कशा फसल्या?” असं विचारणाऱ्यांनी आधी सांगावं, याहून जास्त काय तपासलं असतं?

तपासायचं राहिलं होतं. तेच आता रात्री झोप लागू देत नाही.

पैसे असे गेले. ४ नोव्हेंबर २०२४ ला बुकिंगचे ५०,०००. २१ नोव्हेंबरला दोन परमिटांचे १,४२,०००. डिसेंबरमध्ये विमान आणि व्हिसाचे २,४८,०००. जानेवारीत लॉज आणि गाडीचे १,५०,०००. पहिला हप्ता कंपनीच्या खात्यात गेला. दुसऱ्या हप्त्याला त्याने एका बाईंच्या नावाचं बचत खातं दिलं. म्हणाला, “मॅडम, पॅकेज म्हणून बिल केलं तर तुम्हाला पाच टक्के टीसीएस भरावा लागेल, २९,५०० रुपये उगाच अडकतील. आपण वेगवेगळं दाखवू.” मला ते पटलं. टीसीएस म्हणजे सहल विकणाऱ्याने गिऱ्हाइकाकडून आगाऊ घेऊन सरकारकडे भरायचा कर. आयकर रिटर्न भरताना तो परत मिळतो हे माहीत असूनही पटलं, कारण परताव्यामागे धावायचा कंटाळा होता. परदेशी सहलीचं पॅकेज विकणाऱ्याला टीसीएस घ्यावाच लागतो. तो टाळू म्हणणारा तुमचे पैसे वाचवत नसतो, स्वतःचा माग पुसत असतो. व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात एक रुपयाही टाकू नका.

आणि आता तो क्षण. ३ डिसेंबर, दुपार. व्हॉट्सअॅपवर परमिटांची पीडीएफ आली. चष्मा लावून मोठी करून पाहिली. दोन गोष्टी दिसल्या. आमच्या नावांची अक्षरं बाकीच्या छपाईपेक्षा किंचित जाड होती. आणि रकमेच्या जागी ७०० डॉलर छापलं होतं.

युगांडात परदेशी पर्यटकाचं परमिट १ जुलै २०२४ पासून ८०० डॉलर झालंय. हे मला माहीत होतं, वहीत लिहून ठेवलं होतं. आमच्याकडून पैसेही त्याने ८०० च्याच हिशेबाने घेतले होते, तेही डॉलरला ८८ रुपये ७५ पैसे लावून, जेव्हा बाजारात डॉलर साडेचौऱ्याऐंशीच्या आसपास होता. मी लगेच फोन केला. त्याचं उत्तर तयार होतं. “आम्ही जुन्या दराने घाऊक उचललीत मॅडम, वरचे शंभर हाताळणीचे.” मी म्हटलं, बरं. नुसतं बरं! परमिट घाऊक उचलून नंतर नाव घालायची वस्तूच नाही. ते नाव, पासपोर्ट, तारीख आणि जंगलाचा विभाग यांना बांधलेलं असतं. मुलांनी प्रगतिपुस्तकावर केलेल्या वडिलांच्या खोट्या सह्या मी एका नजरेत पकडायचे. ती जाड अक्षरं दिसूनही मी फोन खाली ठेवला, कारण ह्यांनी त्याच दिवशी नवे बूट आणले होते आणि दोघंही घरभर ते घालून फिरत होतो.

त्या दिवशी एक मेल युगांडा वाइल्डलाइफ ऑथॉरिटीला केला असता, परमिटचे नंबर आणि नावं देऊन, तर सगळं तिथेच उघड झालं असतं. परमिट तीच संस्था देते. तिथल्या टूर ऑपरेटरांची संघटना आहे, सदस्यांची यादी बघता येते. तुमचा पुण्या-मुंबईचा एजंट तिथल्या कोणामार्फत परमिट घेतोय, त्याचं नाव आधी मागा. देत नसेल तर उठा.

फाटकावरच्या लोकांबद्दल माझी तक्रार नाही. एका गोरिला कुटुंबाला दिवसाला आठच माणसं, तीही एकच तास, कारण आपली सर्दी त्यांच्या जिवावर बेतू शकते. फेब्रुवारी कोरडा हंगाम, सगळ्या जागा भरलेल्या. साहेबांनी तरी रुहिजा विभागात फोन करून विचारलं. तिथेही जागा नव्हती. असती तरी १,६०० डॉलर पुन्हा कुठून आणणार होतो? लॉजवर परतलो तर कळलं, एकाच रात्रीचे पैसे पोचलेत. ड्रायव्हरचेही अर्धेच. लॉजचे २४० आणि ड्रायव्हरचे ३०० डॉलर आम्ही कार्डावर भरले, म्हणजे आणखी सत्तेचाळीस हजार. एजंटचा फोन बंद.

दुपारी दोनच्या सुमारास सकाळचे लोक परतले, गुडघ्यापर्यंत चिखल माखलेले. एका बाईंनी आपणहून फोन पुढे केला. एक मोठा नर, पाठ रुपेरी, देठ सोलून खात बसलेला. नाकावरच्या सुरकुत्या स्वच्छ दिसत होत्या. प्रत्येकाच्या वेगळ्या असतात, संशोधक त्यावरून ओळखतात, असं मी फळ्यावर काढून शिकवायचे. हे उठून खोलीत गेले. आम्ही तो गोरिला दुसऱ्याच्या फोनवर पाहिला, जंगलापासून चालत पाच मिनिटांवर बसून.

परत आल्यावर जे झालं ते याहून वाईट. आमच्या पोलीस ठाण्यात सांगितलं, ऑफिस पुण्यात, तिकडे जा. पुण्यात सांगितलं, पैसे साताऱ्यातून गेले, तिकडे द्या. मग म्हणाले, घडलं आफ्रिकेत. मग म्हणाले, सेवा नीट दिली नाही ही दिवाणी बाब. खोटं परमिट टेबलावर ठेवून विचारलं, बनावट कागद ही दिवाणी बाब कशी? तर तिथले एक जण म्हणाले, “माकडं बघायला एवढ्या लांब जायचं कशाला बाई?” सोबत ७१ वर्षांचे हे, पाच तास बाकावर बसलेले. बँकेत तीन काउंटर फिरवले आणि उत्तर एकच: व्यवहार तुम्ही स्वतः केलाय, ओटीपी तुम्ही स्वतः टाकलाय. टाकलाच होता, चोर होता तो घेणारा! सायबर पोर्टलवरची तक्रार “प्रक्रियेत” आहे. मे महिन्यातही प्रक्रियेतच होती.

पुतण्या वकील आहे म्हणून निदान भाषा कळली. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ फसवणुकीचं. गुन्हा कुठेही घडलेला असो, कोणत्याही ठाण्याला शून्य क्रमांकाने (झिरो एफआयआर) नोंदवता येतो. हे लेखी अर्जात लिहा आणि पोच घेतल्याशिवाय खुर्चीवरून हलू नका. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन त्याच दिवशी करा, परदेशात असाल तर घरच्यांना करायला सांगा. आम्ही नऊ दिवसांनी केला, तोवर त्या बाईंच्या खात्यातून पैसे पुढे सरकले होते. ग्राहक आयोगात तक्रार आपल्या राहत्या जिल्ह्यात करता येते, पुण्याला खेटे घालायची गरज नाही. आमच्या रकमेला फी २०० रुपये लागली. चार महिन्यांत एवढंच एक काम अडवणुकीशिवाय झालं.

गोठवलेल्या खात्यात सापडले ११,२४० रुपये. ते सोडवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणाले.

गेल्या आठवड्यात पुतण्याने एक जाहिरात पाठवली. कंपनीचं नाव नवं, पण वापरलेला फोटो आणि खालचा मजकूर आम्हाला पाठवलेल्या पत्रकातलाच, शब्दन् शब्द. या वेळी रवांडा. “गोरिला परमिट फक्त ९५० डॉलर, मर्यादित जागा, दिवाळी स्पेशल.” रवांडात परदेशी पर्यटकाचं परमिट २०१७ पासून १,५०० डॉलर आहे. मी ती जाहिरात छापून दोन्ही ठाण्यांत नेऊन दिली. पोच घेतली आहे.