घाट रोडमागचं बिनपाटीचं दुकान

इथे माल मोजू देतात. जुन्या मोटारींच्या सामानाच्या दुकानाबद्दल याहून मोठी शिफारस माझ्याजवळ नाही, म्हणून तीच आधी लिहितो. व्हर्निअर काढा, सरळपट्टी ठेवून हेड (सिलिंडरांवर बसणारं ओतीव झाकण) किती वाकलंय ते फीलर गेजच्या पातळ पात्यांनी तपासा, डाय पेनिट्रंटचा फवारा मारून तडा शोधा. मालक हरकत घेत नाहीत. उलट स्टूल ओढून शेजारी बसतात आणि तुमच्याइतक्याच ओढीने पाहतात.

दुकान नागपूरच्या घाट रोडच्या आतल्या बाजूच्या एका गल्लीत आहे. पाटी नाही, आणि मालकांनी नाव लिहू नका असं सांगितलं म्हणून इथेही नाही. "जुन्या फोर्डवाले काकाजी" म्हणून विचारा, कोणीही टायरवाला बोट दाखवेल. समोर दोन शटर, एक कायम बंद. आत शिरलात की डावीकडे जीपचं सामान, उजवीकडे अँबॅसिडर आणि फियाटचं. त्याच्या मागे, जिथे ट्यूबलाइटचा उजेड संपतो, तिथून आपल्या कामाचं, म्हणजे जुन्या फोर्डचं सामान सुरू होतं.

मी मोतीबागच्या रेल्वे वर्कशॉपातून फिटर म्हणून निवृत्त झालो. सध्या माझा भाचा आणि मी १९३० सालच्या फोर्ड मॉडेल ए च्या चासीवर दोन माणसांची उघडी गाडी बांधतोय. मडगार्ड नाहीत, टप नाही, मागे पत्र्याची निमुळती शेपटी. कॅलिफोर्नियातली पोरं १९३० च्या दशकात म्युरॉकच्या सुकलेल्या तळ्यावर असल्या गाड्या पळवत. हॉट रॉड, म्हणजे जोर वाढवून पळवायला बांधलेली जुनी गाडी, म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे आठ सिलिंडरची फोर्ड येते, पण फोर्डचं व्ही-८ इंजिन आलं १९३२ मध्ये. त्याआधीचा सगळा खेळ चार सिलिंडरवर झाला, आणि व्ही-८ आल्यानंतरही ज्यांच्या खिशाला ते झेपत नव्हतं त्यांचा बराच काळ त्यावरच चालला. मला ही चार सिलिंडरवालीच आवडतात. बॉनेट उघडलं की प्रत्येक गोष्ट दिसते आणि प्रत्येक गोष्टीला पाना लागतो.

मॉडेल ए चं इंजिन २००.५ घनइंचांचं, म्हणजे जवळपास ३.३ लिटरचं. कंपनीने त्यातून मिनिटाला २२०० फेऱ्यांना ४० हॉर्सपॉवर काढली होती. एवढ्या मोठ्या इंजिनाला ही ताकद थोडी वाटते, आणि त्याचं मोठं कारण कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आतली हवा किती पटीने दाबतो ते माप: फक्त ४.२२:१. त्या काळचं पेट्रोल हलकं होतं, कॉम्प्रेशन जास्त ठेवलं की इंजिन ठोकायला लागायचं. आज पंपावर मिळणारं साधं पेट्रोलही याहून पुष्कळ दाब सहन करतं. म्हणून ए ला जोर आणायचा सर्वांत सरळ रस्ता म्हणजे जास्त कॉम्प्रेशनचं हेड. त्या काळी लॉस एंजेलिसच्या आसपास ही हेडं करणारे एकाहून एक कारागीर होते. जॉर्ज रायलीची आणि क्रॅगरची हेडं व्हॉल्व्ह ब्लॉकमधून, म्हणजे सिलिंडरांच्या ओतीव अंगातून, वर हेडात नेणारी. एड विनफिल्डने ए च्या मूळ रचनेला हात न लावता, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच ठेवून, फक्त वरच्या पोकळीचा आकार असा बसवला की नुसतं हेड बदलून इंजिनाची चाल बदलते. कार्ब्युरेटर आणि कॅमशाफ्टमध्येही त्याचा हात धरणारे थोडेच होते.

फोर्डने मुंबई, कलकत्ता, मद्रास इथे १९२६ पासून बस्तान बसवलं, माल कॅनडाच्या कंपनीमार्फत यायचा. त्यामुळे ए आणि तिच्यानंतरच्या मॉडेल बी चं साधं सामान आपल्याकडे अजूनही कुठे ना कुठे निघतं. विनफिल्डचं हेड निघेल असं मात्र मी धरलं नव्हतं.

मी गेलो होतो मॅनिफोल्डचा क्लॅम्प शोधायला. मागच्या रॅकच्या तळाला ए ची चार हेडं एकावर एक रचलेली होती. काकाजींनी स्वतःच वरच्या हेडाला हात लावला आणि म्हणाले, "भाऊ, हे घेऊ नका. पाण्याच्या भोकापासून त्याले बारीक तडा गेला हाये. दिसत नाही, पण हाये." फवारा मारला, पांढरी पावडर वाळली, आणि खरंच लाल रेघ उमटली. न सांगता विकता आलं असतं. त्याच्या खालची दोन साधी, कंपनीची. सर्वांत खालचं उचलताना जड लागलं आणि हाताला कडेची घडण वेगळी जाणवली. रॉकेलमध्ये ब्रश बुडवून वरचा थर काढला तेव्हा ओतीव अक्षरं दिसली: विनफिल्ड.

काकाजींचं म्हणणं, हा माल त्यांच्या वडिलांनी कलकत्त्याच्या एका बंद पडलेल्या गॅरेजच्या लॉटमध्ये घेतला. पुढचं त्यांनी काही जोडलं नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कलकत्त्यात अमेरिकन सैनिक भरपूर होते, त्यावरून कोणीही गोष्ट रचली असती. त्यांनी रचली नाही, आणि या माणसावर माझा विश्वास बसला तो इथे.

विनफिल्डची ही हेडं दोन प्रकारची प्रसिद्ध आहेत, पिवळी आणि लाल. लाल रंगाच्या हेडाचं कॉम्प्रेशन पिवळ्यापेक्षा जास्त. आमच्या हेडावर रंगाचा ठिपकाही उरला नव्हता. अंदाजाने घेणं मला पटत नव्हतं, कारण ए च्या बेअरिंगा म्हणजे ब्लॉकमध्ये आणि पिस्टनच्या रॉडमध्ये थेट ओतलेला व्हाइट मेटल, एक मऊ मिश्रधातू. रॉडच्या बेअरिंगला दाबाने तेलही मिळत नाही, रॉडच्या टोकाचं चमचं पॅनमधल्या तेलात बुडून जेवढं उडवेल तेवढंच. त्यावर किती दाब घालायचा हे आधी ठरवायला हवं. मी काकाजींना म्हटलं, पोकळी मोजल्याशिवाय भाव करणार नाही. ते म्हणाले, "मोजून घ्या न बाप्पा. मंग पैशाचं बोलू."

दुसऱ्या दिवशी ब्युरेट (मापाच्या खुणांची काचेची नळी) आणि भोक पाडलेली अ‍ॅक्रिलिकची चकती घेऊन गेलो. हेड उलटं ठेवून लेव्हलमध्ये आणलं, पोकळीच्या कडेला ग्रीस लावून चकती बसवली आणि भोकातून रॉकेल सोडलं. हिशोब साधा आहे. एका सिलिंडरचा पिस्टन खालून वर येताना ८२१ सीसी जागा दाबतो. कंपनीच्या ४.२२ च्या मापाने वर २५५ सीसी उरायला हवी, ६:१ पाहिजे असेल तर १६४. चारही पोकळ्या एकमेकींना जवळजवळ सारख्या निघाल्या, आणि पॅकिंगच्या जाडीची जागा धरून आकडा १६५ च्या आसपास आला. म्हणजे हे सहाच्या घरातलं हेड, बहुधा पिवळं. मला हवं होतं तेच. काकाजींची नात कॉलेजातून आली होती, ती वहीवर आकडे उतरवत होती. तिने आबाजींना विचारलं की आपण एवढी वर्षं हे मोजलं का नाही, आणि त्यांनी सांगितलं की मोजणारा गिऱ्हाईक आला नाही म्हणून.

४२ हजार रुपयांत व्यवहार झाला. स्वस्त नाही. पण असलं ओतीव लोखंड अमेरिकेहून विमानाने मागवलं तर भाडं आणि कस्टम धरून कुठे जातं ते एकदा चौकशी करून पाहा, आणि तिथे फोटो पाहून पैसे भरायचे असतात. तड्याचा फोटो कोणी पाठवत नाही.

त्याच रॅकवरून आणखी दोन वस्तू घेतल्या. पहिली मॉडेल बी चा डिस्ट्रिब्युटर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरला वेळेवर स्पार्क वाटणारा भाग. ए मध्ये स्पार्क मागेपुढे करायला स्टिअरिंगखाली दांडा आहे आणि चालवणाऱ्याने तो सतत सांभाळायचा असतो. कॉम्प्रेशन वाढवल्यावर हे काम नाजूक होतं. स्पार्क पुढे राहिला आणि हँडल मारलं तर उलटा झटका मनगट मोडू शकतो. मागे राहिला तर इंजिन तापतं, आणि मे महिन्यात ४५ अंशांत वर्धा रोडवर ते कोणालाच परवडणार नाही. बी च्या डिस्ट्रिब्युटरमध्ये वजनं आहेत, फेऱ्या वाढल्या की तो स्पार्क आपोआप पुढे नेतो, आणि तो ए च्या हेडात वरून सरळ बसतो. माझ्या मते विनफिल्डचं हेड मिळालं नाही तरी ए च्या प्रत्येक मालकाने ही एक वस्तू शोधावी. दुसरी, बी चा झेनिथ कार्ब्युरेटर. त्याचा घसा ए च्या कार्ब्युरेटरपेक्षा मोठा आहे, त्यासाठी मॅनिफोल्डचं तोंड थोडं मोठं करून घेतलं. बी ला पेट्रोलचा पंप होता, आमच्या गाडीत काचेपुढच्या टाकीतून पेट्रोल उतारानेच येतं, म्हणून सुईची सीटही बदलली. आताच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे. जुने बुचाचे वॉशर आणि शेलॅक त्यापुढे टिकत नाहीत, ते सगळे काढून टाका.

विक्रीला नसलेली एक वस्तू काकाजी काचेच्या कपाटात ठेवतात, आणि ती पाहायला म्हणूनही जावं. ए च्या आधीच्या मॉडेल टी साठीचं राजो हेड. विस्कॉन्सिनमधल्या रॅसीन गावचा जो जॅगर्सबर्गर हा मूळ ऑस्ट्रियाचा, केस कंपनीच्या गाड्या पळवणारा शर्यतपटू. १९११ मध्ये साउथ कॅरोलायनात झालेल्या अपघातात त्याचा पाय गेला. त्यानंतर त्याने फोर्डच्या टी साठी हेडं बनवली. टी चं मूळ इंजिन २० हॉर्सपॉवरचं, व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये. हे हेड व्हॉल्व्ह वर नेतं, रॉकर आणि दांड्यांनी चालवतं, आणि वायूची वाट सरळ होते. शेव्हरोले बंधूंचं फ्रॉन्टेनॅक हेडही याच काळातलं. ज्यांच्या आडनावाची कंपनी फोर्डची सर्वांत मोठी प्रतिस्पर्धी झाली, त्याच भावांनी फोर्डच्या इंजिनासाठी हे काम केलं, आणि १९२३ मध्ये इंडियानापोलिसच्या ५०० मैलांच्या शर्यतीत फ्रॉन्टी-फोर्ड पाचवी आली. साध्या शेतकऱ्याच्या गाडीचं इंजिन त्या ट्रॅकवर पाचवं. काकाजींचं राजो मनसरकडच्या एका खाणीच्या भंगारातून आलंय असं ते सांगतात. माल ओढणाऱ्या गाड्यांनाही असली हेडं लावत, तेव्हा अशक्य नाही. दोन रॉकर गायब आहेत, बाकी अंग शाबूत. मी मागितलं, ते नाही म्हणाले, आणि मला बरंच वाटलं. त्या कपाटात ते नीट राहील.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. कशावरही भाव लिहिलेला नाही, आणि सकाळचा भाव संध्याकाळी वेगळा असू शकतो. दुपारी दोन ते पाच शटर खाली असतं. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवून विचारणाऱ्यांना उत्तर येत नाही. बिल हाताने लिहून देतात, पण मागावं लागतं. एकदा बसवलेला माल परत घेत नाहीत, आणि हे ते आधी स्पष्ट सांगतात. मागच्या भागात उंदरांचा त्रास आहे, वायरिंगचं काहीही तिथून घेऊ नका. आणि मॅनिफोल्डचा क्लॅम्प मिळाला नाही तो नाहीच.

हेड बसवण्याआधी हिंगणा एमआयडीसीत बूड हलकेच रगडून घेतलं आणि व्हॉल्व्हवर क्ले ठेवून इंजिन हाताने फिरवलं. वर जागा पुरेशी आहे. फ्लायव्हील, म्हणजे क्रँकच्या टोकाचं जड चाक, मूळचं ६३ पौंडांच्या आसपासचं, तेही बाहेरच्या कडेने उतरवून घेतलं. पहिली लांब फेरी रामटेकची केली. फरक पहिल्या चौकातच कळला: ॲक्सिलरेटरला पाय लागला की आवाज आणि ओढ एकदम येतात, पूर्वी आधी आवाज यायचा. गडाच्या चढावर शेवटच्या वळणाला पहिल्या गिअरवर उतरावं लागायचं, या वेळी दुसऱ्यात निघाली आणि वर पोचल्यावर पाणी उकळलेलं नव्हतं. भाच्याने पायथ्यापासून एक शब्द काढला नाही, नंतर म्हणाला, "मामाजी, परतीला मी चालवतो." व्हाइट मेटलचा मान ठेवून २५०० फेऱ्यांच्या वर मी नेत नाही आणि त्यालाही नेऊ दिली नाही.

सध्या त्या रॅकवर उत्तरकाळातल्या मॉडेल बी चा एक क्रँक आहे, काउंटरवेटवाला, म्हणजे तोल राखणारी वजनं असलेला. ए च्या क्रँकला काउंटरवेट नसतात, म्हणून त्याच्याकडे माझाही जीव ओढला. पण बी चे मेन जर्नल (क्रँकचे ब्लॉकमधल्या बेअरिंगांत फिरणारे भाग) २ इंचांचे आणि ए चे १ इंच ५ सूत, म्हणजे ब्लॉक बोअर करून पातळ करावा लागेल. काकाजींनी मला तो विकायला साफ नकार दिला. ज्याच्याकडे बी चा ब्लॉक असेल त्याने जाताना ब्लॉकवरचा नंबर लिहून न्यावा, ते विचारतात.