अकरावीतली लेक: स्कूटी की सिटीलिंक?

नाशिकच्या सिडकोतल्या एका वहिनींचा पेच: लेकीला कॉलेज रोडच्या क्लासला स्कूटी द्यावी की सिटीलिंकने, म्हणजे शहर बसने धाडावं?

कायदा आधी बघा. १६ ते १८ वयात लायसन्स मिळतं ते बिनगिअरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचंच. बाजारातली स्कूटी साधारण ११० सीसीची. तरी ती चालवायला दिली आणि गुन्हा सिद्ध झाला तर पालकांना २५,००० रुपये दंड, ३ वर्षांपर्यंत कैद. मुलीला २५ वर्षांची होईपर्यंत लायसन्स नाही. ‘सगळेच देतात’ हे उत्तर तिथे चालत नाही.

वेळ स्कूटी वाचवते, मान्य. खर्चात बस स्वस्त.

आणि बस चुकली, सुटे नसले, कुणी त्रास दिला, तर काय करायचं हे ती बसमध्येच शिकते.

दिवसाचा क्लास असेल तर बस. रात्री उशिरा सुटत असेल तर बाबांनी आणायला जावं. स्कूटी अठरानंतर, हेल्मेटसकट.