क्लिनिकसाठी सेकंडहँड कॅमेरा घेताय? माझे ६२,५०० रुपये कसे गेले ते आधी वाचा

गेले ते ६२,५०० रुपये. ५,००० टोकन म्हणून, उरलेले ५७,५०० कुरिअरच्या पावतीचा फोटो आल्यावर, दोन्ही यूपीआयने. ठरलं होतं निकॉन डी७५०० कॅमेरा, अगदी जवळून फोटो काढायची १०५ एमएमची मॅक्रो लेन्स आणि लेन्सभोवती बसणारा रिंग फ्लॅश. विकणारा स्वतःला ठाण्यातला डेंटिस्ट म्हणवत होता. क्लिनिक बंद करून कॅनडाला चाललोय, म्हणाला.

"मोबाइल असताना हा खर्च कशाला?" असं आता घरचेच विचारतात. कोकणातल्या तालुक्याच्या गावी मी दातांचा दवाखाना चालवते. मोबाइल तोंडाजवळ नेला की पुढचे दात आहेत त्यापेक्षा मोठे दिसतात, आणि मागच्या दाढांपर्यंत उजेडच पोचत नाही. उपचाराआधीचा आणि नंतरचा फोटो एकाच अंतरावरून, एकाच उजेडात निघाला नाही तर त्याचा उपयोग काय? शिवाय पेशंटचे फोटो मोबाइलमध्ये माझ्या घरच्या फोटोंच्या गॅलरीत, तिथून क्लाउडवर जाणं मला मान्य नाही. नवा संच परवडत नव्हता. हा निम्म्याहून कमी किमतीत मिळत होता. ही चैन नव्हती, कामाची गरज होती.

आता तो क्षण, जो आठवला की अजून डोकं तापतं. तो म्हणाला होता, "मॅडम, जेमतेम सात हजार क्लिक झालेत." मी मूळ जेपीईजी फाइल मागितली, कारण निकॉनच्या फाइलमध्येच शटर काउंट, म्हणजे आजवर किती क्लिक झाले तो आकडा, नोंदलेला असतो. त्याने व्हॉट्सॲपवर साधा फोटो टाकला. तसा पाठवला की ती सगळी माहिती पुसली जाते. डॉक्युमेंट म्हणून पाठवा म्हटलं, तर उत्तर आलं, "मॅडम, कॅमेरा पॅक झालाय, उद्या फ्लाइट आहे." तिथेच व्यवहार मोडायला हवा होता! पण रिट्रॅक्टर, ऑक्लुजल मिरर, एफ २२ असं सगळं तो दातांचे फोटो काढणाऱ्या आपल्याच लोकांच्या भाषेत बोलत होता. स्वतःच्या केसेसचे फोटोही पाठवले होते. व्यवसायातल्या माणसावर विश्वास ठेवायचा नाही, तर कुणावर ठेवायचा?

खोका उघडून पहिला फोटो काढला आणि काउंट पाहिला: १,८६,४१२. कंपनीनेच या मॉडेलचं शटर दीड लाख क्लिकपर्यंत तपासलेलं आहे. लेन्सच्या मागून टॉर्च मारला, तर आतल्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखी बुरशी, कडेपासून पार मध्यापर्यंत. रिंग फ्लॅशची अर्धी बाजू पेटतच नाही. बॉडीवरचा सीरियल नंबरही त्याने पाठवलेल्या बिलाशी जुळेना. सीरियल नंबर, बिल आणि त्याच दिवशी काढलेली मूळ फाइल, या तिन्ही गोष्टी हातात आल्याशिवाय टोकनही देऊ नका.

त्याहून वाईट म्हणजे आत राहिलेलं मेमरी कार्ड. त्यावर कुठल्यातरी दवाखान्यातल्या पेशंटचे चेहरे होते, काहींच्या केसपेपरवरची नावंसुद्धा वाचता येत होती. कॅमेरा चोरीचा होता की काय, देव जाणे. तुम्ही कॅमेरा विकत असाल तर कार्ड काढून ठेवा. नुसतं फॉरमॅट करून भागत नाही, फोटो परत मिळवता येतात.

मग सुरू झाली फरफट. १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला, तक्रार नोंदली. बँक म्हणते, पिन तुम्हीच टाकलात, हा अनधिकृत व्यवहार नव्हे. सायबरवाले म्हणतात, वस्तू तर मिळाली ना, मग हे आमचं नाही. पोलीस ठाण्यात ऐकवलं, "मॅडम, हा दिवाणी मामला आहे, आणि माणूस ठाण्याचा, तिकडेच जा." खोटं सांगून पैसे उकळणं दिवाणी कसं? भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं ३१८ कलम मग कशासाठी आहे? आणि नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३ कलमात स्पष्ट आहे, हद्द कुठलीही असो, दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यावी लागते. मी कलमाची प्रिंट पुढे ठेवली. साहेबांनी ती न वाचताच परत सरकवली. ग्राहक आयोगाचं विचारलं तर वकील म्हणाले, विकणारा व्यापारी आहे हे आधी सिद्ध करा. जाहिरात जिथे पाहिली ते ॲपवाले म्हणतात, आम्ही फक्त गाठ घालून देतो. पेशंटचे फोटो असलेलं ते कार्डही कुणी ताब्यात घ्यायला तयार नाही! लेखी तक्रार द्या आणि पोच घेतल्याशिवाय उठू नका. तिथे दाद लागली नाही तर पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, मी पाठवली आहे.

गेल्या आठवड्यात तीच जाहिरात पुन्हा दिसली, त्याच फोटोंसह, फक्त गाव बदललेलं. म्हणजे ते फोटो मला आलेल्या कॅमेऱ्याचे कधी नव्हतेच. डी७५००, १०५ची लेन्स, रिंग फ्लॅश, कॅनडाला चाललेला डेंटिस्ट, अशी जाहिरात दिसली तर समोरासमोर भेटून, स्वतः फोटो काढून काउंट बघू द्या म्हणा. फ्लाइटचं कारण आलं की फोन ठेवा आणि स्क्रीनशॉट मला पाठवा, मी ते तक्रारीला जोडते आहे.