टस्कनीतलं शेतघर की दोर्दोन्यमधलं दगडी घर?

सात-आठ मित्रमैत्रिणी, एक आठवडा, एकच मोठं घर आणि पळापळ अजिबात नको, असं ठरलं की मी दोनच जागा सुचवते: इटलीतलं टस्कनी किंवा फ्रान्समधलं दोर्दोन्य.

टस्कनीत 'अ‍ॅग्रितुरिस्मो' मिळतं, म्हणजे चालत्या शेतीवरचं राहण्याचं घर. इटलीने १९८५ मध्ये त्यासाठी कायदाच केला. बऱ्याच ठिकाणी मालकाच्या झाडांचंच ऑलिव्ह तेल टेबलावर येतं. शाकाहाऱ्यांची इथे चंगळ. शिळा पाव, टोमॅटो, लसूण आणि बेसिल घोटून केलेली पाप्पा अल पोमोदोरो खाताना मला थेट आपली फोडणीची पोळी आठवते. (त्यात घातलेला रस्सा मांसाचा नाही, भाज्यांचाच आहे ना, एवढं विचारून घ्या.) तिथला पाव मात्र अळणी, पहिल्या घासाला काहीतरी राहिल्यासारखं वाटतं.

दोर्दोन्यमध्ये बदकाच्या मांसाचा जोर. शाकाहारी असाल तर तिथल्या सार्ला गावाच्या बुधवार-शनिवारच्या बाजारातून अक्रोड, चीज, भाज्या आणून घरीच चूल मांडावी. पण नदी! कनू, म्हणजे वल्ह्याची छोटी होडी, घेऊन बेनाकच्या किल्ल्याखालून संथ वाहत जाण्याची सर टस्कनीतल्या कुठल्याच दुपारीला नाही. आदिमानवाच्या चित्रांची लास्कोची मूळ गुहा १९६३ पासून बंद आहे, प्रतिकृती पाहता येते.

गाडी दोन्हीकडे लागतेच. फ्लोरेन्स, सिएनाच्या जुन्या भागात ती नेऊ नका, दंड बसतो.

जुलै-ऑगस्टच्या उन्हात मी दोर्दोन्यच निवडेन. सप्टेंबरात द्राक्षतोडणीच्या दिवसांत मात्र टस्कनी, डोळे मिटून.