वॉरंटीतला क्रँक बदलून घ्यायला ४१ दिवस – पुण्यातल्या एका सायकल शोरूमचा अनुभव

शोरूमला ५ पैकी २ स्टार, कंपनीच्या कस्टमर केअरला पण २ च, आणि कोंढव्यातल्या आमच्या सायकलवाल्या काकांना ५ पैकी ५. नावं कुणाचीच टाकत नाहीये कारण शेवटी पार्ट (क्रँक, म्हणजे पायडल ज्याला बसतं तो दांडा) मिळाला आणि मला कुणाशी भांडण वाढवायचं नाही, पण नक्की काय काय झालं ते सगळं लिहिते, कारण ऐन वेळी मी शोधत होते तेव्हा मराठीत कुणीच लिहिलेलं सापडलं नाही.

सायकल हायब्रिड, पुढे ३ मागे ८ गिअर, २३,५०० ला फेब्रुवारीत घेतली. फ्रेमला लाइफटाइम वॉरंटी आणि बाकी पार्ट्सना १ वर्ष असं कार्डावर स्वच्छ छापलेलं. वापर म्हणजे रोज ऑफिसला जाऊन येऊन १४ किमी आणि रविवारी बोपदेव घाट चढून कधी गराडे कधी सासवडपर्यंत. महिन्याभरातच डाव्या पायाला कट्... कट्... असा आवाज यायला लागला, सपाटीवर नाही, चढाला जोर लावला की प्रत्येक फेरीला एकदा. मार्चअखेरीला पहिली फ्री सर्व्हिस होती तेव्हा सांगितलं, तिथल्या मुलाने बोल्ट आवळला, आवाज गेला, मी खूश. त्याने जॉबकार्डवर लिहिलं "लेफ्ट क्रँक आवाज, टाइट केला". ही एक ओळ पुढे किती कामाला येणार होती याची तेव्हा कल्पना नव्हती, कार्ड मी बिलाच्या फाइलमध्ये नुसतं ठेवून दिलेलं.

जूनमध्ये आवाज परत. आधी वाटलं पावसामुळे असेल, चेनला तेल घातलं, पायडल आवळलं (डावं पायडल उलट्या आट्याचं असतं हे लक्षात ठेवा, नाहीतर आवळायच्या नादात सैल कराल). फरक शून्य. ऑगस्टच्या पहिल्या रविवारी घाटाच्या शेवटच्या वळणावर पाय खाली दाबला आणि क्रँक आधी थोडासा रिकामा फिरला आणि मग धक्का बसून चेन ओढली गेली. पाठीमागून पीएमपीची बस येत होती, मी कडेला उतरले आणि हात थरथरत होते ते पाच मिनिटं थांबले नाहीत. घाट चालत उतरले, सायकल हातात.

काकांनी दोन्ही क्रँक हातात धरून हलवून दाखवले. दोन्ही बाजू एकदम हलल्या तर बीबीचं (बॉटम ब्रॅकेट, म्हणजे दोन्ही क्रँकच्या मधला फिरणारा भाग) बेअरिंग गेलेलं असतं, एकच बाजू हलली तर तो क्रँक सैल. माझा फक्त डावा हलत होता. मग पुलर (क्रँक ओढून काढायचं हत्यार) लावून काढला आणि आतलं भोक दाखवलं. अॅक्सल (दोन्ही क्रँकना जोडणारा आडवा दांडा) लोखंडी, त्याची टोकं चौकोनी आणि किंचित निमुळती, क्रँक अॅल्युमिनियमचा, त्यामुळे बोल्ट पहिल्यापासून पुरेसा आवळलेला नसेल तर प्रत्येक पायडलला लोखंडाचे चार कोपरे त्या मऊ धातूला खात राहतात आणि चौकोन हळूहळू गोल होतो. एकदा गोल झाला की कितीही आवळा, ५०-६० किमीत परत सैल. काका म्हणाले, ताई आता हा आवळून चालवायचा नाही, उतारावर निघून आला तर दात जातील. आमच्या बाबांच्या जुन्या काळ्या सायकलला कॉटर पिन असायची, ती झिजली की अशीच खटखट व्हायची, नवीन पिन ठोकली की काम भागायचं. इथे झिजते ती पिन नाही, अख्खा क्रँकच झिजतो, हा फरक मला त्या दिवशी कळला.

काका ६५० रुपयांत नवीन डावा क्रँक टाकून द्यायला तयार होते. अनेकजण तेच करतील आणि मीही केलं असतं, पण काकाच म्हणाले वॉरंटीत आहे ना, मग पैसे कशाला घालवता, आणि हा जुना तुकडा अजिबात फेकू नका. तोवर ऑफिसला जायला एका जुन्या सायकलचा क्रँक बसवून दिला, त्याचे पैसे घेतले नाहीत.

आता शोरूम. मॅनेजरने तुकडा हातात घेतला, भोक बघितलं आणि तिथल्या तिथे निकाल दिला, "मॅडम हा वेअर अँड टेअर आहे, वॉरंटीत बसत नाही." मी म्हटलं सहा महिन्यांत? तर म्हणे तुम्ही चढाला जड गिअर टाकत असाल. मी सगळ्यात हलक्या गिअरवर चढते, हे त्यांनी विचारलंसुद्धा नाही. वर "क्रँकमध्ये मॅन्युफॅक्चरिंग डिफेक्ट कधी नसतोच". हे मात्र मला सहन झालं नाही, कारण शिमानोसारख्या सायकल पार्ट्सच्या मोठ्या कंपनीने सप्टेंबर २०२३ मध्ये स्वतःहून ११ स्पीडचे (मागे ११ गिअर असलेल्या रोडबाइकचे) क्रँक तपासणीला परत बोलावले होते, अल्टेग्रा आणि ड्युरा-एस या मॉडेलचे, २०१२ ते २०१९ मध्ये बनलेले, एकट्या अमेरिकेत ६,८०,०००. दोन भाग गोंदाने चिकटवून बनवलेला पोकळ क्रँक, तो सांध्यात उकलत होता, ४,५०० च्या वर तक्रारी आणि ६ जण जखमी झालेले. माझा क्रँक त्यातला नाही, कंपनीही ती नाही आणि बिघाडही वेगळा, पण क्रँक खराब येऊच शकत नाही असं कुणी काउंटरवर सांगत असेल तर ते चूक आहे. (तुम्ही सेकंडहँड रोडबाइक घेणार असाल तर क्रँकच्या आतल्या बाजूला दोन अक्षरी कोड बघा, के-एफ पासून आर-एफ पर्यंतचा असेल तर दुकानात तपासून मगच चालवा.)

मॅनेजरने "कंपनीला पाठवतो" म्हणून एक फोटो काढला आणि १२ दिवसांनी फोनवर तोंडी सांगितलं की रिजेक्ट झालं. लेखी द्या म्हटलं तर नाही.

मग घरी बसून नीट ईमेल लिहिला. बिल, वॉरंटी कार्ड, फ्रेम नंबर, क्रँकच्या भोकाचे चार बाजूंनी फोटो, अॅक्सलचे कोपरे अजून धारदार आहेत त्याचा फोटो, आणि मार्चचं ते जॉबकार्ड. मुद्दा एकच ठेवला, की आवाजाची तक्रार मी पहिल्याच सर्व्हिसला केली होती, तुमच्याच अधिकृत शोरूमने फक्त आवळून दिला, काढून तपासला नाही, मग सैल चालवल्याचा दोष माझा कसा? त्याच दिवशी १९१५ ला फोन केला, ही सरकारची ग्राहक हेल्पलाइन आहे, मराठीत बोलता येतं आणि फोन फुकट असतो, त्यांनी तक्रार नोंदवून नंबर दिला तोही मी पुढच्या मेलमध्ये टाकला. पाचव्या दिवशी कंपनीतून एका मुलीचा फोन, अतिशय नीट बोलली, म्हणाली जॉबकार्ड आम्हाला शोरूमकडून आलंच नव्हतं, क्लेम अप्रूव्ह करतोय. म्हणजे माझा क्लेम एका फोटोवर नाकारला गेला होता. त्या मुलाने मार्चमध्ये कार्डावर नुसतं "सर्व्हिस ओके" लिहिलं असतं तर मी आज काय करणार होते, हा विचार अजून येतो. त्याला जाऊन थँक्यू म्हणून आले.

गोष्ट इथे संपायला हवी होती पण पार्ट आला तो १७५ चा! क्रँकची लांबी त्याच्या पाठीवर कोरलेली असते, माझा उजवा १७० आणि हे डावीकडे १७५ बसवायला निघाले. पाच मिलिमीटरने काय होतंय म्हणाले. रोज तासभर एक पाय मोठ्या वर्तुळात आणि दुसरा लहान वर्तुळात फिरवायचा, माझ्या गुडघ्याचं काय होईल? मी बसवू दिला नाही. परत मेल, परत वाट, १७० चा यायला आणखी १६ दिवस गेले. एकूण ४१ दिवस आणि शोरूमच्या सात चकरा.

शोरूमला दोन स्टार दिले ते त्या सर्व्हिसच्या मुलासाठी आणि शेवटी फिटिंग माझ्यासमोर टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना) ४० न्यूटन-मीटरला केलं त्यासाठी. मार्चमध्ये नुसत्या अॅलन कीने अंदाजाने आवळलं होतं, रेंच तेव्हाही भिंतीवर टांगलेलाच होता. तिथून सायकल घेणार असाल तर डिलिव्हरीच्या दिवशीच दोन्ही क्रँक त्या रेंचने चेक करायला सांगा, आणि पहिल्या सर्व्हिसला परत एकदा, समोर उभं राहून. आवाज येत असेल तर कार्डावर लिहून घ्या आणि कार्डाचा फोटो काढा.

नवीन क्रँकवर आत्तापर्यंत ६२० किमी झाले, त्यात बोपदेव पाच वेळा. आवाज नाही. काकांचा जुना क्रँक परत करायला गेले तर म्हणाले राहू द्या ताई, कुणाला तरी लागेल, आणि तो त्यांच्या त्या डब्यात टाकला.